माफीनामा राहू द्या, कागद दाखवा

एखाद्या औषधकंपनीच्या गोळीने माणसं दगावतात किंवा जन्माची अधू होतात. खटले चालतात, भरपाई वाटली जाते. मग काही वर्षांनी तीच कंपनी नवं औषध घेऊन येते, किंवा ‘रुग्ण सल्लागार मंडळ’ स्थापून जुन्या पीडितांनाच त्यावर बसायचं निमंत्रण देते, आणि ठरलेला वाद पेटतो. एक तट म्हणतो, या लोकांच्या हातचं पाणीसुद्धा पुन्हा घेऊ नका. दुसरा म्हणतो, झालं गेलं गंगेला मिळालं, कंपनीने माफी मागितली, पैसे मोजले, आता किती काळ तेच उगाळणार? दोन्ही तट भांडतात ते एकाच गोष्टीवर: रुग्णांनी विश्वास ठेवावा की नाही. मला वाटतं हा प्रश्नच भलत्या माणसाला विचारला जातोय. विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचं शरीर आहे त्याने ठरवावं. त्यात इतरांनी लुडबुड करायचं कारण नाही. चारचौघांत विचारायचा प्रश्न कंपनीसाठी आहे. औषधात खोट असल्याचं तुम्हाला कधी कळलं, रुग्णाला कधी कळलं, मधे किती काळ गेला, आणि आज तसंच काही घडलं तर किती काळ जाईल? अपाय झाला एवढ्याने रुग्ण आणि कंपनी यांच्यातलं नातं तुटत नाही, ते या मधल्या काळामुळे तुटतं. तो काळ मिटवण्याची व्यवस्था होत नाही तोवर माफी, धनादेश आणि मंडळावरची खुर्ची या सगळ्याला मी बोळवणच म्हणेन.

कंपन्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा आधीच मान्य करायला हवा. पूर्ण निर्धोक औषध अस्तित्वातच नाही. हजारो लोकांवरच्या चाचणीत जे दिसत नाही ते लाखो लोकांनी औषध घेतल्यावर दिसतं, आणि तोवर काहींचं नुकसान होऊन गेलेलं असतं. प्रत्येक अपायाला गुन्हा ठरवलं तर नवी लस, नवं औषध करायला कोण धजावेल? याचं उत्तर इतिहासात एका ठिकाणी फार नेमकं सापडतं. १२ एप्रिल १९५५ रोजी साल्क यांची पोलिओ लस परिणामकारक असल्याचं अमेरिकेत जाहीर झालं आणि त्याच दिवशी परवाने निघाले. कॅलिफोर्नियातल्या कटर लॅबोरेटरीज या कंपनीच्या काही बॅचमधला विषाणू मात्र पूर्ण मेलेला नव्हता. सुमारे ४०,००० मुलांना सौम्य पोलिओ झाला, सुमारे २०० जणांना कमीअधिक लुळेपणा आला आणि १० जण दगावले. अधू झालेल्या दोन मुलांचा खटला १९५८ साली ज्यूरीपुढे आला. ज्यूरीने कटरला हलगर्जीपणाच्या आरोपातून मोकळं केलं, पण लस निर्दोष असल्याची हमी विक्रीतच अनुस्यूत असते आणि ती मोडली, म्हणून भरपाई द्यायला लावली. दोष नाही, तरी जबाबदारी आहे! तेव्हा ‘चूक नव्हती’ आणि ‘देणं लागत नाही’ ही दोन वाक्यं एकमेकांना चिकटवून टाकायचं कारण नाही. अपाय हा औषधाच्या धंद्यातला अटळ धोका असेल, तर त्याची किंमत ज्याने नफा घेतला त्याने उचलायची. जे मूल लस टोचून घ्यायला रांगेत उभं राहिलं त्याच्या अंगावर ती टाकायची नाही.

त्याच प्रकरणात आणखी एक धडा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. लुळेपणाच्या पहिल्या बातम्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आल्या आणि २७ एप्रिलला कटरची लस बाजारातून परत घेतली गेली. सरकारी साथरोगतज्ज्ञ रोजच्या रोज रुग्णांचे आकडे जाहीर करू लागले. लसीकरण काही दिवस थांबलं, तपासण्या कडक झाल्या, पुन्हा सुरू झालं, आणि आईबापांनी मुलांना पुन्हा रांगेत उभं केलं. लोक घाबरले नाहीत असं नव्हे; त्यांना काय चाललंय ते दिसत होतं. पण कटरच्या आत काय होतं? लस बाजारात जाण्याआधी आपल्या काही बॅचमध्ये जिवंत विषाणू सापडत असल्याचं कंपनीला ठाऊक होतं. त्या बॅच तिने बाजूला काढल्या, पण सरकारला सांगितलं नाही, कारण तेव्हाच्या नियमात सांगायची सक्ती नव्हती. बाहेरच्यांनी काही दिवसांत जे उघड केलं त्याची पहिली खूण आत आधीपासून पडून होती.

सत्तरच्या दशकात कटर ही कंपनी बायर या जर्मन कंपनीच्या ताब्यात गेली. १९८०च्या सुमारास तिचं एक महत्त्वाचं उत्पादन होतं हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या रुग्णांसाठी लागणारं, रक्त गोठवणारं फॅक्टर आठ. हजारो रक्तदात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून ते बनायचं, त्यामुळे एकाच दात्याचा संसर्ग अख्ख्या लॉटमध्ये उतरू शकत होता. एचआयव्हीचा धोका दिसू लागल्यावर उष्णता देऊन विषाणू मारलेलं नवं फॅक्टर आलं आणि १९८४च्या फेब्रुवारीत कटरला त्याचा अमेरिकेत परवाना मिळाला. पण उष्णता न दिलेल्या जुन्या मालाची विक्री आशिया आणि लॅटिन अमेरिकेत त्यानंतरही वर्षभराहून अधिक काळ चालूच राहिली. हाँगकाँगच्या वितरकाने नव्या मालाबद्दल विचारलं तेव्हा आधी जुना साठा संपवा असं त्याला सांगण्यात आलं. एकट्या हाँगकाँग आणि तैवानमध्ये शंभराहून अधिक हिमोफिलियाच्या रुग्णांना एचआयव्हीची लागण झाली. बायरचं म्हणणं असं की त्या वेळच्या ज्ञानानुसार आम्ही जबाबदारीनेच वागलो, शिवाय काही ग्राहकांना नव्या प्रक्रियेबद्दल शंका होती. हे म्हणणं नोंदवायलाच हवं. पण हा पत्रव्यवहार जगाला कळला कधी? २००३ साली, आणि तोही अमेरिकेतल्या रुग्णांच्या खटल्यांत कंपनीची कागदपत्रं बाहेर निघाली म्हणून. लागण झालेल्यांतले कितीतरी तोवर ते वाचायला हयातच नव्हते.

१९५५ आणि १९८४ ही दोन सालं शेजारी ठेवून पाहावीत असं मला मनापासून वाटतं, कारण बहिष्कारवाले आणि क्षमावाले या दोघांचीही अडचण तिथे उघडी पडते. पहिल्या वेळी चूक होती, दुसऱ्या वेळी निवड होती. १९५५ नंतर लशीचे नियम बदलले, पण बाहेरून कुणाला आतलं दिसेल अशी तजवीज कंपनीत झाली नाही. आणि बहिष्कार तरी कुणी घालायचा? हिमोफिलियाच्या रुग्णाला फॅक्टर लागतंच. ते बनवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यातल्या बहुतेकांच्या मालातून लागण झालेली. ज्या मुलाला त्या बाटलीने एचआयव्ही दिला, त्याच मुलाचा सांध्यातला रक्तस्राव थांबवायला पुढच्या आठवड्यात त्याच कंपन्यांपैकी एकीची बाटली लागणार होती. त्याला कंपनीशी नातं तोडण्याची चैन परवडणारी नव्हती. म्हणून ‘पुन्हा त्यांच्या दारात जाऊ नका’ हा उपदेश मला रुग्णांच्या बाजूचा वाटत नाही. ज्यांना औषधाची गरज नाही त्यांनी केलेला तो उपदेश आहे.

दुसरा मुद्दा ऐकायला रास्त वाटतो: ज्यांनी ते केलं ते अधिकारी केव्हाच निवृत्त झाले, आजच्या कर्मचाऱ्यांनी कशाबद्दल मान खाली घालायची? व्यक्ती म्हणून कशाबद्दलही नाही, हे मान्य. पण कंपनी म्हणजे तिथे आज काम करणारी माणसं एवढंच नाही. नाव तेच, बाजारातली पत तीच, जुन्या नफ्यावर उभे राहिलेले कारखाने तेच. संपत्ती वारशाने घ्यायची आणि देणी आली की ‘ते लोक वेगळे होते’ म्हणत हात वर करायचे, हे कुठल्याही घरात चालत नाही. शिवाय जुने लोक जाणं हा मुळात दिलासा नाहीच, तो धोका आहे, कारण त्यांच्याबरोबर आठवणही जाते. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइडचं एलिक्झिर घेऊन शंभराहून अधिक लोक मेले, त्यात बरीच लहान मुलं होती. औषध विरघळवायला डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य वापरलं होतं. मालकाने जबाबदारी घ्यायला साफ नकार दिला. २०२२ साली गांबियात खोकल्याच्या औषधाशी संबंध जोडल्या गेलेल्या कोवळ्या मुलांच्या मृत्यूंमध्ये पुन्हा तेच द्रव्य निघालं. विसर पडणं किती महाग पडतं याचा आणखी कोणता पुरावा हवा?

माफीचं सांगायचं तर थॅलिडोमाइडची माफी बारकाईने पाहण्यासारखी आहे. ग्रुनेन्थाल या जर्मन कंपनीने ही झोपेची गोळी १ ऑक्टोबर १९५७ला बाजारात आणली. त्याआधी, १९५६च्या ख्रिसमसला, कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याला कान नसलेली मुलगी झाली होती. गरोदर बायकोसाठी तो गोळ्या घरी घेऊन गेला होता. तेव्हा कुणी त्याचा संबंध जोडला नाही आणि एका घटनेवरून तो जोडता येणं अवघडच होतं. पण १९५९पासून गोळी घेणाऱ्यांच्या हातापायांना मुंग्या येतात, नसा निकामी होतात अशी पत्रं कंपनीकडे येत होती. नसांच्या दुखण्याबद्दलचं असंच एक पत्र ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापलेलं पाहून अमेरिकेच्या औषध प्रशासनातल्या फ्रान्सिस केल्सी यांनी पुढचा प्रश्न विचारला: मोठ्या माणसाच्या नसांना हे होतं, तर गर्भाचं काय? त्यांना समाधानकारक उत्तर मिळालं नाही आणि त्यांनी परवाना अडवून धरला. तोच प्रश्न ग्रुनेन्थालमध्ये कुणी का विचारला नाही? हाम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ विदुकिंड लेन्झ यांनी नोव्हेंबर १९६१च्या मध्यावर कंपनीला फोन करून व्यंग असलेल्या बाळांबद्दल सांगितलं. गोळी मागे घेतली गेली ती त्याच महिन्याच्या अखेरीस, वर्तमानपत्रात बातमी आल्यावर. तोवर जगभरात सुमारे १०,००० बाळांना अपाय झाला होता.

३१ ऑगस्ट २०१२ रोजी श्टोलबर्ग या गावी, जिथे कंपनीची मुळं आहेत तिथे, अवयव खुंटलेल्या मुलाच्या ब्राँझच्या शिल्पाचं अनावरण झालं. कंपनीचे प्रमुख हाराल्ड श्टोक तिथे बोलले. जवळजवळ ५० वर्षं आम्हाला तुमच्यापर्यंत माणूस म्हणून पोचायची वाट सापडली नाही, याबद्दल त्यांनी क्षमा मागितली. आमच्या दीर्घ मौनाकडे तुमच्या नशिबामुळे आम्हाला बसलेल्या मूक धक्क्याची खूण म्हणून पाहा, अशीही विनंती केली. पीडितांच्या अनेक संघटनांनी ती माफी तिथेच नाकारली, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. त्या भाषणात क्षमा मौनाबद्दल होती. गोळीची विक्री, आलेल्या पत्रांकडे केलेला कानाडोळा, फौजदारी खटल्याच्या काळात रुग्णांशी झालेलं वर्तन यांचा हिशेब त्यात नव्हता. ही मुलं आता साठीत आहेत. हात नसल्यामुळे आयुष्यभर दातांनी झाकणं उघडली, पायांनी लिहिलं, खांदे आणि कणा भलत्या कामाला जुंपले. आता ते सांधे झिजलेत आणि दुखतात. १९७० साली १० कोटी मार्कांवर तडजोड झाली तेव्हा ही दुखणी कुणी मोजली होती? भरपाई एकदा मोजून मोकळं होता येतं असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या झिजलेल्या खांद्यांकडे पाहावं. जन्मभराचा अपाय असेल तर जन्मभराची तपासणी आणि उपचार हे देणं आहे. ते कंपनीचं औदार्य म्हणून सादर होऊ नये.

इथे कुणीतरी टायलेनॉल या वेदनाशामकाचं नाव घेतंच. १९८२ साली शिकागोत सायनाइड भरलेल्या कॅप्सूल घेऊन सात जण मेले, ते बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने तीन कोटींहून अधिक बाटल्या परत मागवल्या आणि व्यवस्थापनाच्या वर्गांत ते आदर्श उदाहरण झालं. कंपनीने केलं ते उत्तमच होतं. पण विष दुकानात कुण्या तिऱ्हाइताने मिसळलं होतं. कंपनीच्या कपाटात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. ज्या प्रकरणात कंपनी स्वतः निर्दोष होती त्यावरून सदोष कंपनीने कसं वागावं हे शिकता येत नाही. याच समूहातल्या डेप्यूचा एएसआर हा कृत्रिम खुबा २०१०मध्ये परत मागवला गेला, तो जगभरात सुमारे ९३,००० जणांना बसवून झाल्यावर. पाच वर्षांत जवळजवळ ४० टक्के खुबे निकामी होतील असा अंदाज २०११मध्ये कंपनीच्याच आतल्या विश्लेषणात काढलेला होता, हे २०१३च्या खटल्यात समोर आलं. तो खुबा अंगात घेऊन हिंडणाऱ्या माणसाला तो अंदाज कळायला हवा होता की नाही? ऑस्ट्रेलियात सांधेबदलाची स्वतंत्र राष्ट्रीय नोंदवही असल्यामुळे तिथे हा खुबा आधीच संशयाच्या भोवऱ्यात सापडला होता. नोंदवही कंपनीच्या हातात नव्हती, हे त्यातलं महत्त्वाचं.

आता तो आक्षेप, ज्याने मलाही बराच काळ अडखळायला लावलं: सगळंच रुग्णांना सांगितलं तर ते घाबरतील आणि गरजेची औषधं सोडतील. हे खोटं नाही. १९९५च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये काही गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो असा इशारा निघाला. असंख्य स्त्रियांनी गोळ्या टाकून दिल्या आणि पुढच्या वर्षी गर्भपात सुमारे १३,०००ने वाढले. पण तेव्हा स्त्रियांना सगळं सांगितलं होतं का? धोका साधारण सात हजारांत एकावरून सात हजारांत दोनवर गेला होता. लोकांपर्यंत पोचला तो फक्त ‘दुप्पट’ हा शब्द. माणसं अर्धवट माहितीने घाबरली. याच्या उलट उदाहरण त्याच देशातलं आहे. अपस्माराच्या व्हॅल्प्रोएट या औषधाने गर्भाला धोका असू शकतो हे सत्तरच्या दशकातच तज्ज्ञ समितीपुढे आलं होतं. डॉक्टरांना सांगायचं, पण खोक्यातल्या पत्रकात घालायचं नाही, नाहीतर रुग्ण विनाकारण काळजी करतील, असं ठरलं. पुढे कळलं की गरोदरपणात हे औषध घेतलेल्यांच्या बाळांत दहातल्या एकाला शारीरिक व्यंग आणि दहातल्या तीन-चार जणांना वाढीच्या अडचणी येतात. हे औषध अचानक सोडलं तर झटके येऊन जीव जाऊ शकतो, म्हणजे निर्णय खरोखरच अवघड आहे. पण तो घेण्याचा अधिकार त्या बाईचा होता. तिची काळजी वाचवायच्या नावाखाली तो काढून घेतला गेला, आणि ते कुणी एका कंपनीने नाही तर रुग्णाचं भलं पाहणाऱ्या समितीने केलं, याचं जास्त वाईट वाटतं.

माहिती देताना कंपन्या काय करतात याचा एक कागद मात्र विसरता येत नाही. मर्क या कंपनीचं व्हायॉक्स हे वेदनाशामक १९९९मध्ये आलं. २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्हायॉक्स घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके ०.४ टक्के होते, तर नेप्रोक्सेन हे दुसरं वेदनाशामक घेणाऱ्यांत ०.१ टक्का. आमच्या औषधाने धोका वाढत नाही, नेप्रोक्सेनच हृदयाला जपतं, असा अर्थ लावण्यात आला. पुढे अमेरिकी काँग्रेसच्या चौकशीत एमआर लोकांच्या, म्हणजे डॉक्टरांकडे जाणाऱ्या कंपनीच्या विक्री प्रतिनिधींच्या, प्रशिक्षणाची पानं बाहेर आली. त्यांचं नाव होतं ‘डॉजबॉल व्हायॉक्स’. प्रत्येक पानावर डॉक्टर विचारू शकतील असा एक अडचणीचा प्रश्न, हृदयावरच्या परिणामांची चिंता व्यक्त करणारा प्रश्नही त्यात होता. आणि शेवटच्या पानांवर मोठ्या अक्षरांत एकच सूचना, ‘डॉज’, म्हणजे चुकवा. औषध बाजारातून मागे घेतलं गेलं ३० सप्टेंबर २००४ला. २००७मध्ये दोष कबूल न करता ४८५ कोटी डॉलरची तडजोड झाली. ती पानं कंपनीने आपणहून कधी दाखवली असती, असं कुणाला वाटतं?

म्हणून कागद उघडे करण्याची मागणी भाबडी नाही. ती मान्य झाली की काय घडतं हेही पाहायला मिळालंय. पॅरॉक्सेटीन हे नैराश्यावरचं औषध किशोरवयीन मुलांना लाभदायक आणि सुरक्षित आहे असं सांगणारा ‘स्टडी ३२९’चा अहवाल २००१मध्ये छापला गेला. न्यूयॉर्क राज्याने खटला भरल्यावर ते बनवणाऱ्या ग्लॅक्सोस्मिथक्लाइनला २००४मध्ये चाचण्यांचे निष्कर्ष जाहीर करायचं मान्य करावं लागलं. पुढे मूळ माहितीही अभ्यासकांना पाहू दिली गेली. स्वतंत्र संशोधकांनी तीच चाचणी, तीच २७५ मुलं पुन्हा तपासली आणि २०१५मध्ये लिहिलं की औषध परिणामकारकही नव्हतं आणि सुरक्षितही नव्हतं. आत्महत्येचे विचार आणि तसं वर्तन औषध घेणाऱ्यांत जास्त होतं. या उघडेपणाने कंपनी काही बुडाली नाही. ज्या मुलांच्या घरी काही अघटित घडलं होतं त्या आईबापांना मात्र ‘तुमच्या मुलाच्या आजारामुळेच झालं’ हे उत्तर तपासून पाहता आलं.

पीडितांनी कंपन्यांच्या टेबलाशी बसावं की नाही, याचं उत्तर मला थॅलिडोमाइडच्याच पुढच्या कथेत सापडतं. हे औषध कुष्ठरोगातल्या एका वेदनादायक प्रतिक्रियेवर चालतं असं १९६४मध्ये जेरुसलेममध्ये लक्षात आलं. नव्वदच्या दशकात एड्सचे रुग्ण ते चोरवाटेने मिळवू लागले. सेल्जीन या दुसऱ्याच कंपनीने अमेरिकेत परवाना मागितला तेव्हा कॅनडातल्या थॅलिडोमाइडग्रस्तांच्या संघटनेपुढे पेच होता. हे औषध जगातच नसावं असं त्यांना वाटत होतं. पण चोरट्या बाजारापेक्षा कडक पहाऱ्यातलं बरं, असं ठरवून ते चर्चेत उतरले. १९९८मध्ये मिळालेला परवाना त्या अटींसह होता: डॉक्टर, औषधविक्रेता आणि रुग्ण तिघांची नोंदणी, गरोदर होऊ शकणाऱ्या स्त्रियांच्या नियमित तपासण्या, एका वेळी २८ दिवसांहून जास्त गोळ्या नाहीत. कॅप्सूलवरच गरोदर बाईच्या आकृतीवर काट मारलेली. जिथे असा पहारा ढिला राहिला त्या ब्राझीलमध्ये थॅलिडोमाइडची बाळं पुन्हा जन्मली. कॅनडातल्या त्या लोकांनी कुणाला क्षमा केली नव्हती आणि विश्वासही ठेवला नव्हता. त्यांनी अटी घातल्या, आणि त्या सक्तीच्या झाल्या.

हे टेबल आणि आजकाल भरणाऱ्या रुग्ण-परिषदांचं टेबल यांत फरक आहे. परिषदेचं भाडं, प्रवासखर्च, संघटनेच्या कार्यालयाचा पगार हे सगळं जर ज्या कंपनीला जाब विचारायचा तिच्याच खात्यातून येत असेल, तर प्रश्न विचारणाऱ्याची जीभ जड होते. तो माणूस कितीही सचोटीचा असला तरी. तो पैसा स्वतंत्र निधीतून यावा आणि कुणी किती दिला हे जाहीर असावं. त्याहून मोठी अडचण तडजोडींची आहे. भरपाईच्या बदल्यात कागदपत्रं सीलबंद करायची आणि पीडिताने तोंड उघडायचं नाही, ही अट एकट्या पीडिताला मान्य करावीच लागते, कारण त्याला उपचाराचे पैसे आज हवे असतात. पण त्या सीलबंद कागदांत पुढच्या रुग्णाचा जीव असू शकतो. रुग्णाची खाजगी माहिती जपावी. औषधाच्या धोक्याबद्दलचा एकही कागद तडजोडीत झाकता येऊ नये असा कायदा प्रत्येक देशात हवा. तो होईपर्यंत अशा कंपनीच्या मंडळावर बसायला गेलेल्या रुग्णाला फितूर म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी उभा राहणार नाही. त्याने पहिल्या बैठकीत एवढंच मागावं: जुन्या खटल्यांत सील केलेल्या कागदांची यादी, आणि ती सीलं उघडायला कंपनीची लेखी संमती. दुसऱ्या बैठकीला जायचं की नाही हे त्याला मिळालेल्या उत्तरावरून ठरवता येईल.